अर्धा कप कॉफी आणि राग्नाबाईंचा वारा

माझ्या हुद्द्याचं नाव भारदस्त आहे: संशोधन परिचारिका. काम विचाराल तर दिवसातून सहा वेळा लोकांच्या खाटेपाशी जाऊन विचारायचं, "वारा सरला का?" आणि सरला असेल तर किती वाजता, ते कागदावर लिहायचं. मिनिटांसकट.

हसू नका. कर्करोगासाठी ज्याच्या मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढलाय आणि उरलेली दोन टोकं जोडलीत, त्याच्या पोटातला कारभार पुन्हा सुरू झाला की नाही हे सांगणारी दुसरी घंटा देवानं दिलेली नाही. मी नोकरीला लागले तेव्हा माणसं ऑपरेशननंतर दोन-दोन आठवडे नाकात नळी घालून उपाशी पडायची. आता पोटाला चार भोकं पाडून दुर्बिणीतून काम उरकतात, त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवतात, जेवायला घालतात आणि चौथ्या दिवशी घरी पाठवतात. अट एकच. आधी वारा सरला पाहिजे.

आमचं इस्पितळ लिमफ्यॉर्ड नावाच्या खाडीच्या काठावर आहे. बाहेर बारा महिने वारा सुटलेला असतो, त्याचं कोणाला काही नसतं. आत मात्र एकेका झुळकेसाठी तीन डॉक्टर ताटकळत उभे.

हे मिनिटं लिहायचं खूळ सिड्सेलचं. सिड्सेल आमच्याकडची तरुण सर्जन, एकतीस वर्षांची, आणि तिच्या डॉक्टरेटचा विषय कॉफी. ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा कॉफी दिली तर आतडं लवकर जागं होतं का? दुसऱ्या देशांत कोणी कोणी मोजलं होतं, पण तिला आमच्या माणसांवर मोजायचं होतं. आमचा मुख्य सर्जन टोर्किल्ड म्हणाला, "त्यात काय मोजायचंय? माझ्या आजीला हे ठाऊक होतं." सिड्सेल म्हणाली, "तुझ्या आजीनं वेळा लिहून ठेवल्या होत्या का?" टोर्किल्डनं परवानगीच्या कागदावर सही केली.

तर शंभर बंद पाकिटं. पन्नासांत चिठ्ठी "कॉफी", पन्नासांत चिठ्ठी "गरम पाणी". ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोग्यासमोर पाकीट फोडायचं आणि निघेल ते नशीब. ज्याला गरम पाणी निघायचं त्याचा चेहरा बघवत नसे. कर्करोग झालाय हे शांतपणे ऐकून घेतलेली माणसं ही चिठ्ठी बघून कळवळायची. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी मला विचारलं होतं की याविरुद्ध दाद कुठे मागायची.

तीन वर्षांत सत्त्याण्णव पाकिटं फुटली. मे महिन्यात सिड्सेलला निकाल घेऊन परिषदेला जायचं होतं. अठ्ठ्याण्णवावं पाकीट ओडाचं निघालं आणि नव्व्याण्णवावं राग्नाबाईंचं.

ओडा ही बंदरावर मासे धुरावर सुकवून विकणारी बाई, अडुसष्ट वर्षांची, आवाज असा की धक्क्यावरून पलीकडच्या गावात भाव सांगावा. तिला निघाली कॉफी. तिचं ऑपरेशन मंगळवारी झालं.

राग्नाबाई बहात्तर वर्षांच्या. त्यांनी चाळीस वर्षं आमच्या गावच्या शाळेत शिकवलं. मला शिकवलं, टोर्किल्डला शिकवलं, इस्पितळाच्या स्वयंपाक्याला शिकवलं. आमच्या देशात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पंतप्रधानांनासुद्धा. पण बाई त्या बाई. त्यांच्या वर्गात पोटाच्या खालच्या कुठल्याही गोष्टीला नाव नव्हतं. लघवीला जायचं असेल तर "हात धुवायला जाऊ का?" असं विचारायचं. टोर्किल्ड पहिलीत असताना एकदा त्या गोष्टीचं स्वच्छ नाव घेऊन बोलून गेला, तर त्याला तासभर कोपऱ्यात उभं केलं होतं. आज तो सत्तावन्न वर्षांचा आहे आणि त्याला अजून आठवतंय.

बाईंना निघालं गरम पाणी. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण एक सांगून ठेवते. रविवारी साडेदहाला मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असणार. माझ्या नातीचं, तिल्डेचं, दृढीकरण आहे. टोर्किल्ड, तू कधी कापायचं आणि कसं शिवायचं ते तुझं तू बघ."

"हो, बाई," टोर्किल्ड म्हणाला. चाळीस माणसांच्या विभागाचा प्रमुख तो, पण आवाज पहिलीतला निघाला.

तो बाहेर गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "विबेके, पुढच्या वर्षी मी कुठे असेन हे त्याला ठाऊक नाही. मलाही नाही. या रविवारी तिल्डे कुठे असणार एवढं मला ठाऊक आहे. चौदा वर्षांची पोर चार लोकांत उभी राहून, बाप्तिस्म्याला मोठ्यांनी तिच्या वतीनं दिलेल्या वचनाला आपल्या तोंडानं 'हो' म्हणणार. ते मला ऐकायचंय." मला एकदम भरून आलं, पण बाईंसमोर रडायची सवय नव्हती, म्हणून मी उगाच उशी सारखी केली.

बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं. गाठ लिंबाएवढी होती. टोर्किल्डनं ती सुरेख काढली, जोडही सुरेख बसला. संध्याकाळी बाई खुर्चीत ताठ बसून ताक पिताना दिसल्या. तो दारातूनच त्यांना बघून परतला आणि मला म्हणाला, "हे बघ, आतडं मी हातात धरलं. त्याचं काही वाटलं नाही. पण तो प्रश्न मात्र तू विचार."

गुरुवारी सकाळी मी कागद घेऊन खोलीत गेले. खोलीत खाटा दोन. दाराशी ओडा, खिडकीशी बाई.

"विबेके, लिही!" मी आत पाऊल टाकते न टाकते तोच ओडा ओरडली. "पाच वाजून पन्नास! आणि परत सव्वासहाला! दुसरा जोरदार होता!"

"पहिला पुरे आहे, ओडा."

"दोन्ही लिही. मी काही रोज रोज विज्ञानाला मदत करत नाही."

मी लिहिलं आणि बाईंकडे वळले. बाई पेपर वाचत होत्या. "बाई," मी म्हटलं, "ते... हे... म्हणजे तुमचं काही..." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. इतरांना दिवसाला सहा वेळा बिनदिक्कत विचारणारी मी, माझे कान तापले होते.

"वाक्य पूर्ण कर, विबेके."

"वारा सरला का, बाई?"

त्यांनी पेपर खाली केला आणि चष्म्याच्या वरून पाहिलं. "या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही."

मी कागदाकडे पाहिलं. कागदावर दोनच रकाने होते. एकात वेळ लिहायची, दुसऱ्यात "नाही" वर खूण करायची. "सांगत नाही" असा रकाना सिड्सेलच्या डोक्यात आला नव्हता, आणि तिला दोष कसा द्यावा, तिला कुठे बाई शिकवायला होत्या? मी "नाही" वर खूण केली.

दुपारी तेच. संध्याकाळी तेच. शुक्रवारी सकाळी मी खुर्ची ओढून बसले आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाई, इथे लाजायचं काही नाही. हवं तर शब्द उच्चारू नका. हात धुतलेत का, एवढंच मी विचारते. तुम्ही मान हलवा."

"मला कोड्यात बोलायला आवडत नाही," बाई म्हणाल्या.

"भीड भिकेची बहीण, बाई. त्यानं तुमचंच नुकसान होतंय. वेळ लिहिली नाही तर टोर्किल्ड घरी सोडणार नाही. मग रविवारचं काय?"

हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्यांनी ओडाकडे पाहिलं. ओडानं छताकडे पाहिलं. खोलीत कॉफीचा घमघमाट होता, ओडाचा कप नुकताच रिकामा झालेला. मला वाटलं, शेजारणीसमोर बोलायला बाईंना संकोच होतोय. म्हणून मी ओडाला फेऱ्या मारायला बाहेर काढलं आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर, आणि पुन्हा "नाही" वर माझी खूण.

शुक्रवारी दुपारी टोर्किल्डनं पोट तपासलं. जरा तट्ट लागत होतं. त्यानं माझा कागद वर-खाली पाहिला. दोन दिवसांत ओळीनं नुसतं नाही, नाही, नाही. बाहेर येऊन त्यानं कपाळ चोळलं. "जोड गळत असेल का गं?"

"ताप नाही. जेवतायत. चालतायत."

"तरी वारा नाही. उद्या सकाळपर्यंत नसला तर स्कॅन करायचं, खाणं बंद, नळी. आणि मंगळवारपर्यंत घराचं नाव नाही. घरी गेल्यावर जोड फुटला तर बाई जातील, विबेके. मी बाईंना नाही मारणार."

त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचाच राग येत होता. या बाईंनी मला वाचायला शिकवलं आणि माझ्याच्यानं त्यांच्या तोंडून एक शब्द काढवत नव्हता. तिल्डेच्या पांढऱ्या फ्रॉकचं माप बाईंनी स्वतः घेतलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पहिला बाक रिकामा राहणार म्हणून मला मनापासून वाईट वाटत होतं.

शनिवारी सकाळी फेरी आली. पुढे टोर्किल्ड, मागे सिड्सेल, तिच्यामागे कागद घेऊन मी. ओडाला आज घरी सोडणार होते. ती कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टोर्किल्ड बाईंच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "बाई, अजून वारा सरलेला नाही. आता स्कॅन करावं लागेल. तोवर खायचं-प्यायचं नाही. नाकातून एक नळी घालू. उद्याचं... उद्याचं मला वाईट वाटतंय, बाई. उद्या जमायचं नाही."

बाईंनी चादरीची कड दोन्ही हातांनी धरली. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी फक्त मान हलवली, म्हणजे ठीक आहे, घाला नळी.

"अरे देवा!" ओडा किंचाळली. पिशवी खाली पडली. "कसली नळी? कसलं स्कॅन? अरे, तिचा वारा गुरुवारपासून सुटलाय! गुरुवारी संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा पहिला! तेव्हापासून दोन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाहीये! माझा नवरा मेल्यापासून कोणी मला एवढं जागवलं नव्हतं!"

"ओडा!" बाई म्हणाल्या.

"काय ओडा? गप्प राहून पोटात नळी घालून घेशील? पादा पण नांदा, म्हणतात ते उगाच?"

टोर्किल्डनं माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे पाहिलं. सिड्सेल पहिल्यांदा बोलली. "बाई, हे खरं आहे?"

बाई लालबुंद झाल्या होत्या, पण पाठ ताठच. "खरं आहे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता. नंतर पुष्कळदा."

"मग तुम्ही नाही का म्हणालात?" टोर्किल्डचा आवाज चढला.

"मी नाही म्हटलेलं नाही. मी उत्तर देणार नाही म्हटलं. 'नाही' विबेकेनं लिहिलं."

धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चाळीस वर्षांनी पुन्हा बाईंच्या समोर माझा पेपर चुकला होता.

"पण का?" सिड्सेलनं विचारलं. "लाज वाटली म्हणून?"

"लाज वाटलीच. पण लाजेसाठी मी नातीचा दिवस घालवला नसता." बाईंनी एक श्वास घेतला. मग ओडाकडे पाहिलं. ओडानं हात झटकले, म्हणजे सांग एकदाचं. "मी गरम पाणी प्यायलेच नाही, मुली. ओडा दर वेळी तिची अर्धी कॉफी माझ्या दात घासायच्या पेल्यात ओतायची. दिवसातून तीनदा. मी प्यायले."

सिड्सेल मटकन ओडाच्या खाटेवर बसली.

"असं काय बघतेस?" ओडा तिला म्हणाली. "मी इथे कॉफी ढोसत बसू आणि दोन हातांवर ही बाई गरम पाण्याकडे बघत बसेल? आम्ही काय स्वीडिश आहोत, दारच्या पाहुण्याला उपाशी बसवून आपण जेवायला?"

"मी वेळ सांगितली असती," बाई पुढे म्हणाल्या, "तर तुझ्या कागदावर गेलं असतं की गरम पाणी पिऊन बाईचा वारा तिसाव्या तासाला सरला. ते खोटं झालं असतं. त्याआधी 'नाही' म्हटलं असतं तरी तेही पाण्याच्याच खात्यात गेलं असतं. तीन वर्षं खपून तू शोधलेल्या गोष्टीत माझं खोटं मिसळलं असतं, आणि उद्या दुसऱ्या कोणाच्या पोटावर त्याचा निकाल लागला असता. खरं सांगावं तर ओडाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि मी तिला शब्द दिला होता. खोटं बोलायचं नाही आणि चहाडी करायची नाही, हे मी चाळीस वर्षं शिकवलं. दोन्ही पाळायचं म्हटल्यावर गप्प बसण्यापलीकडे माणसाला काय उरतं?"

"आणि रविवार?" मी विचारलं.

"रविवार गेला असता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी रुमाल काढला आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

टोर्किल्डनं पोट पुन्हा तपासलं. गेले दोन दिवस बाई पाहुण्यांसमोर आणि डॉक्टरांसमोर श्वास आणि बाकी सगळं रोखून धरत होत्या. तो म्हणाला, "बाई, आता रोखू नका." मग आम्ही सगळे बाहेर जाऊन उभे राहिलो आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी आत गेलो तेव्हा पोट मऊ होतं आणि ओडा टाळ्या वाजवत होती. मी वेळ लिहिली. स्कॅन रद्द झालं. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही.

सिड्सेल मात्र तिथेच बसून होती. "तीन वर्षं," ती म्हणत होती. "एकोणपन्नास माणसं गरम पाण्यावर. त्यांतली किती..."

"चूक तुझी आहे," बाई म्हणाल्या. चष्मा परत नाकावर आला होता. "चिठ्ठी माणसागणिक काढलीस. एकाच खोलीत एकाला कॉफी आणि एकाला पाणी देऊन आपली माणसं गप्प बसतील असं तुला वाटलंच कसं? खोलीगणिक चिठ्ठी काढ. एका खोलीत सगळ्यांना कॉफी, दुसऱ्या खोलीत सगळ्यांना पाणी. सगळ्यांनाच पाणी असलं तर कोणी कुरकुरणार नाही. म्हणजे कुरकुरतील, पण मिळून कुरकुरतील."

सिड्सेलनं खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहून घेतलं.

त्या दुपारी तिनं गरम पाणीवाल्यांना फोन लावायला घेतले. संध्याकाळपर्यंत एकोणीस जण मिळाले. सोळांनी कबूल केलं. कोणाला शेजाऱ्यानं दिली होती, कोणाला शेजाऱ्याच्या बायकोनं घरून थर्मासमधून आणली होती. पोस्टमास्तर तर म्हणाले, "शेजारी आपण होऊन देतोय आणि मी नको म्हणू? मला आईनं असं वाढवलेलं नाही." प्रयोग आडवा झाला होता. मे महिन्याची परिषद हातची गेली होती. सिड्सेल थोडं रडली, थोडं हसली आणि म्हणाली, "पुन्हा सुरुवात. खोलीगणिक."

"माझ्या आजीला..." टोर्किल्डनं सुरू केलं.

"टोर्किल्ड, गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

बाईंना न्यायला त्यांचा धाकटा भाऊ अक्सेल आला. हा एकोणसत्तर वर्षांचा, डुकरांचा गोठा मुलाच्या हवाली करून आता घरीच असतो. वर्षाला तीन वाक्यं बोलतो आणि त्यातली दोन हवामानाबद्दल. घरी काय काय लक्ष ठेवायचं ते मी वाचून दाखवायला लागले, ताप, उलटी, शौच, तर शौच या शब्दाशी आल्यावर तो उठून खिडकीशी गेला आणि पार्किंगकडे बघत राहिला. टोर्किल्डनं एक अट घातली होती, की समारंभात बाईंच्या शेजारी वॉर्डातलं कोणीतरी बसेल. मी हात वर केला. तेवढं प्रायश्चित्त मला घ्यायचंच होतं.

रविवारी साडेदहाला बाई पहिल्या बाकावर होत्या. तिल्डे पांढऱ्या फ्रॉकमध्ये उभी राहिली, पाद्र्यानं विचारलं आणि ती "हो" म्हणाली, इतक्या हळू की तिसऱ्या बाकाला ऐकू गेलं नसेल. बाईंना गेलं. त्यांनी माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

मग गावच्या सभागृहात जेवण. टेबलावर छोटे झेंडे, कोंबडी आणि शतावरीच्या कोंबांनी भरलेल्या खुसखुशीत वाट्या, नात्यातल्या कोणीतरी रचलेलं लांबलचक गाणं, सगळ्यांनी कागद बघून म्हटलेलं. पन्नासेक माणसं, निम्मी बाईंचे विद्यार्थी. आणि मग भाषणं. बापाचं झालं, मामाचं झालं. बाईंनी चमच्यानं ग्लासवर टिचकी मारली. मी म्हटलं, "बसून बोला." त्यांनी ऐकलं नाही. टेबलाला धरून त्या उभ्या राहिल्या.

"तिल्डे," त्या म्हणाल्या, "मी तुला पैसे दिले आहेत, ते पाकिटात आहेत. आता दुसरी भेट देते. मला आठ महिने शौचातून रक्त पडत होतं."

पाद्र्याचा काटा वाटीत तसाच राहिला.

"आठ महिने. मी कोणाला सांगितलं नाही. त्याच्याही आधी सरकारकडून तपासणीची पाकिटं टपालानं घरी आली होती, एक नव्हे दोन. काडीनं शौचाचा जरासा नमुना घ्यायचा, नळीत घालायचा आणि टपालात टाकायचा, एवढंच काम. मला वाटलं, सभ्य माणसं असलं करत नाहीत. पाकिटं मी शिवणाच्या पेटीखाली सरकवली. टोर्किल्ड म्हणतो, तेव्हा ती गाठ वाटाण्याएवढी असती. दुर्बीण घालून खुडली असती आणि मी दुपारच्या जेवणाला घरी आले असते. आता लिंबाएवढी निघाली. आजूबाजूला पसरली की नाही याचा अहवाल अजून यायचाय."

तिल्डेची आई रडायला लागली होती. तिल्डे टेबलाखाली जाण्याच्या बेतात होती, पण आजीकडे बघत होती.

"मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की काही शब्द तोंडात आणायचे नसतात. चुकीचं शिकवलं. त्यातली बरीच इथे बसली आहेत, त्यांनी दुरुस्त करून घ्यावं." बाईंनी पाण्याचा घोट घेतला. मला वाटलं संपलं. "गुरुवारी संध्याकाळी मी पादले. इतका आनंद मला तुझ्या आईच्या जन्मानंतर झाला नव्हता. जे काही होईल ते नाव घेऊन सांगत जा, पोरी. ही माझी भेट."

त्या बसल्या. मग तिल्डे, जी सकाळी देवासमोर कुजबुजली होती, ती उठून टाळ्या वाजवायला लागली, आणि मग हळूहळू सगळेच. पाद्रीसुद्धा. मी बाईंच्या नाडीवर बोटं ठेवली होती. ती घोड्यासारखी पळत होती.

कॉफीची किटली फिरायला लागली तशी मी बाईंची शाल आणायला कोट टांगतात तिकडे गेले. मागून पावलं आली. अक्सेल होता. तो कोटांकडे बघत उभा राहिला.

"ते पाकीट," तो म्हणाला. "टपालानं येतं ते. तारीख उलटली असली तर चालतं का?"

"किती उलटलीय?"

"दोन वर्षं." पुढे म्हणाला, "दुसरं आहे. त्याची नाही उलटली."

मी शाल खाली ठेवली. "अक्सेल, रक्त दिसतंय का?"

तो एका कोटाचं बटण बघत राहिला. मग म्हणाला, "नाताळपासून."

"मग पाकीट राहू दे. उद्या सकाळी आठला माझ्याकडे ये. मी स्वतः तुला दुर्बिणीच्या खोलीत घेऊन जाते. आठ म्हणजे आठ."

त्यानं मान हलवली. जरा जाऊन परत आला. "राग्नाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तू सांग. ती बघ, तिथे बसलीय."

त्यानं कोटाचं ते बटण एकदा लावलं, एकदा काढलं. मग गेला. टेबलांच्या मधून वाट काढत, कोणाकडे न बघता बहिणीच्या शेजारच्या माझ्या रिकाम्या खुर्चीत बसला आणि तिच्या कानाशी वाकला. त्याचे ओठ हलताना मला दारातून दिसले. बाईंनी कप खाली ठेवला. त्याचा हात स्वतःच्या हातात घेतला, आणि तशाच समोर बघत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "मोठ्यानं बोल, अक्सेल."